चौदा ढेपा

प्रथमेश चौगुले सव्विसाव्या दिवशी कुपी मागायला आला आणि माझा दिवस बिघडला.

मात्रिक नावाच्या औषधाच्या डब्याची कुपी तीस दिवस पुरते. पुरते म्हणजे पुरतेच. त्यात हयगय नको, म्हणून तर लहान मुलांची औषधं माणसांच्या हातातून काढून त्या डब्याच्या स्वाधीन केली. प्रथमेश गाडी चालू ठेवूनच काउंटरपाशी उभा राहिला. मी विचारलं, "सांडली का रे कुपी?"

"न्हाई ओ मॅडम. डब्यानंच सांगितलं, उद्या संपणार म्हणून. द्या लवकर, मला कोल्हापूरला पोचायचंय."

"लेक कशी आहे, आर्वी?"

"एकदम शांत. यात्रेपास्नं एक फिट न्हाई बगा. पंचवीस दिवस झाले. आई म्हणती, देवी पावली."

मी कुपी दिली. तो गेला. आणि मी गोळ्यांच्या खोक्यांवरची धूळ पुसायला लागले. सकाळीच पुसलेली होती.

मी उज्ज्वला मगदूम. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत एकतीस वर्षं माझं औषधाचं दुकान आहे. त्यातली अठ्ठावीस वर्षं मी आईबापांना पिडण्यात घालवली. औषध हातात ठेवण्याआधी मी चार प्रश्न विचारायचेच. चमचा कुठला? घरचा असेल तर नको, कारण एका घरातला चहाचा चमचा दुसऱ्या घरात आमटीला चालेल इतका मोठा असतो. तापाचं आधीचं औषध घरात आहे का? असलं तर बाटली आणून दाखवा, कारण दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत औषध एकच असतं आणि पोराच्या पोटात दुप्पट जातं. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळता का? मग अर्धी बाटली टाकून दिलीत तर औषधही अर्धंच गेलं ना. बरं वाटणं आणि औषध पूर्ण होणं यांतला फरक तर मी रोज घसा फोडून सांगायचे. ज्या आयांना बारीक आकडे दिसायचे नाहीत, त्यांच्या सिरिंजवर मी लाल नखपॉलिशची रेघ ओढून द्यायचे. रेघेपर्यंत औषध, वर नाही, खाली नाही. वर्षाला सहा बाटल्या नखपॉलिश संपायचं. माझं स्वतःचं एक नखही कधी रंगलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी मात्रिक आला. टोस्टरएवढा पांढरा डबा. मूल आजारी असलं की घरी येतो, भिंतीला लागतो, आणि गोड शहरी आवाजात 'कृपया' म्हणतो. मी त्याला नावं ठेवते, पण खोटं बोलणार नाही, त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. लहान मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. पोटात गेलेलं औषध यकृत फोडतं आणि बाहेर काढून टाकतं. हा वेग प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि त्याच मुलाचा दोन वर्षांनी पुन्हा वेगळा. पूर्वी आम्ही वजन बघून अंदाजानं मात्रा द्यायचो. मात्रिक दर आठवड्याला मुलाची लाळ तपासून यकृताचा वेग काढतो, त्याला वजनाची जोड देतो, आणि कुपीतून थेंबाच्या हिशेबानं औषध पेल्यात सोडतो. बहुतेक औषधांना याची एवढी गरजही नव्हती. आर्वीच्या औषधाला होती.

फिटचं हे नवं औषध चांगलं, पण भारी नाजूक. थोडं कमी पडलं तर फिट येते. थोडं जास्त झालं तर मूल गुंगतं, तोल जातो, आणि साठत गेलं तर श्वासच मंदावत जातो. चालायची वाट अगदी अरुंद, दोन्हीकडे खोल.

आणि एक गोष्ट. लाळेवरून यकृताचा वेग कळतो, अंगात औषध किती साठलंय ते कळत नाही. त्यासाठी रक्त लागतं, ते तीन महिन्यांतून एकदा. वजनासाठी डब्याबरोबर एक चटई यायची होती. ती आलीच नाही. म्हणून वजन आईबापांनी बोलून सांगायचं असं ठरलं.

दुकानदाराला कुलूपबंद कुपी द्यायची परवानगी राहिली. प्रश्न विचारायची मनाई नव्हती, पण उत्तर द्यायला कोणी थांबेना. सगळे प्रश्न डब्यालाच.

मी मात्रिकच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथंही तोच गोड आवाज. "मात्रा वाढलेल्या वजनानुसार समायोजित झाली आहे. सर्व काही सामान्य आहे."

"वजन किती नोंदलंय?"

"ही माहिती खासगी आहे. कृपया कुटुंबाशी संपर्क साधा."

वाढलेलं वजन? दोन महिन्यांपूर्वी जुलाबांनी पोरगी वाळून गेली होती. ऋतुजा, तिची आई, तिला कडेवर घेऊन दुकानात आली होती तेव्हा मी त्या हातांकडे बघत राहिले होते. तीन वर्षांची पोर, आणि दंड माझ्या दोन बोटांत मावेल असा. ती दोन महिन्यांत एवढी भरली? मी खाली बसले, उठले, पाणी प्यायले. एक गिऱ्हाईक खोकल्याच्या गोळ्या मागत होतं, त्याला मी मलम दिलं. शेवटी शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी दोनला संकेश्वर रोडची वाट धरली.

शनिवार होता, ऋतुजा घरीच होती. दारात मला बघून गोंधळली. "मॅडम, तुम्ही? कुपी तर मिळाली."

"मिळाली. मी आर्वीला बघायला आले."

आत प्रथमेशची आई, सगळे तिला आक्का म्हणतात, शेंगा फोडत बसली होती. तिच्या शेजारी भिंतीला टेकून आर्वी. हातात रबरी हत्ती. मी हाक मारली. तिनं मान वळवली, पण जरा उशिरानं. मग उठली आणि पाय फाकवून माझ्याकडे निघाली, बोटीत उभी राहिल्यासारखी. दोन पावलं टाकली आणि पलंगाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. चांगलं जोरात. मी धावले.

ती रडली नाही. कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली.

"बगा किती शानी झालीया," आक्का म्हणाली. "आधी बोट लागलं तर वाडी डोक्यावर घ्यायची. आता कसलाच तरास न्हाई."

मी वाकून आर्वीच्या डोळ्यांत बघितलं. "झोपते किती?"

"दुपारचं तीन तास, रातचं बारा," ऋतुजा म्हणाली. "डबा म्हणाला, वाढीच्या वयात झोप चांगली."

"डब्याला वजन किती सांगितलंत?"

ऋतुजाचा चेहरा खुलला. "चौदा किलो. मॅडम, अभिनंदन केलं त्यानं. वयाप्रमाणे योग्य वजन, म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला योग्य म्हणालं."

"कशावर मोजलं?"

एवढे दिवस हा साधा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. डबा विचारत नाही, कारण आकडा म्हणजे त्याला आकडाच.

"काट्यावर कशाला?" आक्का म्हणाली. "यात्रेत तुला केली की. माझा नवस हुता. माझ्या म्हायेरच्या देवीला, पोरीच्या वजनाचा गूळ. किलोकिलोच्या ढेपा. चौदा लागल्या बगा, चौदा. सगळा गाव बगत हुता."

मी डोळे मिटले. मला तो तराजू दिसला. एका पारड्यात आर्वी, नवा घागरा, पायात चांदीचे वाळे, मांडीवर नारळ आणि ओटी.

"आक्का, गुळाचं पारडं बरोबरीत थांबलं, का खाली गेलं?"

"टेकलं की भुईला. टेकायलाच पायजे. देवीचं पारडं अधांतरी ठेवत्यात व्हय?"

झालं. देवीच्या बाजूनं मन मोठं ठेवलं होतं, आणि ते मन औषधाच्या हिशेबात गेलं होतं. प्रथमेशनं घरी येऊन मोठ्या अभिमानानं डब्याला सांगितलं असणार, चौदा किलो. डब्याकडं आधीचं वजन बारा होतं, ऋतुजा म्हणाली, जुलाबांच्या आधीचं. तीन वर्षांच्या मुलीचं वजन वाढलं, तर त्यात शंका घ्यायचं कारण काय? वाढ ही चांगली बातमी असते. चांगल्या बातमीची पडताळणी कोणी करत नाही.

मी दोघींना समजावून सांगितलं. पंचवीस दिवस पोरीला तिच्या मापापेक्षा जास्त औषध जातंय. फिट थांबल्यात त्या म्हणून, आणि पोरगी शांत आहे तीही म्हणूनच.

ऋतुजा ऐकता ऐकता उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला. "मॅडम, आठवड्याला दोन-दोन फिट यायच्या. मी तिला एकटीला दुसऱ्या खोलीत सोडत नव्हते. अंघोळ करताना दार उघडं ठेवायचे. आता पंचवीस दिवस मी नीट जेवतेय. आणि तुम्ही सांगताय, कमी करा?"

"मी अजून काहीच सांगत नाही. मी म्हणते, वजन बघू."

"वजन न्हाई बगायचं," आक्का म्हणाली. शेंगा बाजूला ठेवल्या. "तुला झालेलं लेकरू वरीसभर पुन्यांदा काट्यावर ठेवायचं नसतं. आमच्यात तसं हाय. देवीनं घेतलेलं माप पुन्यांदा बगायचं म्हंजे तिच्यावर संशव."

मला राग आला. एकतीस वर्षांत मी कितीतरी आज्यांशी भांडले आहे. पण आक्काकडे बघितलं आणि भांडण आलंच नाही. तिनं आर्वीचा हात धरला होता, आणि तिच्या कपाळावरचं टेंगूळ ती अंगठ्यानं चोळत होती. माझं बोलणं तिला पटलं होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती.

"प्रथमेशचा व्यायामाचा काटा आहे ना घरात?" मी म्हटलं. "मी आर्वीला काट्यावर ठेवत नाही. काट्यावर मी उभी राहते. वजन माझं बघायचं. ती फक्त माझ्या कडेवर असेल."

आक्का विचारात पडली. मग म्हणाली, "तिचा पाय टेकायचा न्हाई."

"नाही टेकणार."

ऋतुजानं पलंगाखालून काटा काढला. मी आधी एकटी उभी राहिले. सात वर्षांत मी काट्याच्या वाटेला गेले नव्हते, आणि त्याला कारणं होती. एक्क्याऐंशी किलो चारशे ग्रॅम. ऋतुजानं ते मोठ्यानं वाचलं. आक्काच्या भुवया वर गेल्या. मग मी आर्वीला उचलली. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली, अगदी सगळा भार देऊन, झोपलेली मुलं देतात तसा. ब्याण्णव किलो सातशे.

ऋतुजानं वजाबाकी केली. "अकरा किलो तीनशे," ती म्हणाली आणि पलंगावर बसली. मग तिला रडू फुटलं.

इथं माझी चूक झाली, आणि ती मी कबूल करते. मी आधी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण माझा स्वभाव तापट, आणि डबा माझ्या समोर भिंतीवर गोड हसत उभा. मी त्याच्याकडे जाऊन सांगितलं, "आर्वी चौगुले, वजन अकरा किलो तीनशे."

मग तोच आवाज. "वजनात गंभीर घट आढळली आहे. बालकाच्या सुरक्षेसाठी मात्रा थांबवण्यात येत आहे. पडताळणी बहात्तर तासांत पूर्ण होईल. कृपया धीर धरा."

आणि कुपीवरचा हिरवा दिवा लाल झाला.

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. फिटचं औषध जास्त झालं तर वाईट, आणि एकदम बंद झालं तर त्याहून वाईट. तीन दिवस एक थेंबही गेला नाही, तर जी फिट येईल ती आधीच्या फिटांसारखी नसेल. हे मला माहीत होतं आणि ऋतुजालाही माहीत होतं.

कोल्हापूरला डॉक्टर नेर्लेकरांना फोन लावला. मुलांच्या मेंदूच्या आजारांचे ते डॉक्टर, आर्वी जन्मापासून त्यांच्याकडे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी तिथंच रक्त तपासा. गडहिंग्लजच्या दवाखान्यात हलवा, नजरेखाली राहू दे. पण मॅडम, औषध इथंही मिळणार नाही. कुलूप डब्याला लागत नाही, पोरीच्या आरोग्य क्रमांकाला लागतं. देशात कुठंही गेलात तरी तेच. मी वर विनंती पाठवतो. पण आज शनिवार आहे."

दवाखान्यात आर्वीला भरती केलं. रक्ताचा अहवाल साडेचारला आला. जे असायला हवं त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. रोजचं थोडं थोडं जास्तीचं अंगात साठत गेलं होतं. प्रथमेश अर्ध्या वाटेतून परत आला होता. तो कोपऱ्यात उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "मीच सांगितलं चौदा. मीच सांगितलं." आक्कानं त्याला जवळ बसवलं.

पुन्हा नेर्लेकर. "आजची संध्याकाळची मात्रा गाळा. उद्या सकाळपासून अकरा किलोच्या हिशेबानं, दिवसातून दोनदा. मी मिलिलिटर सांगतो. पण हे तोंडी आहे. कुलूप असताना मी लिहिलेली चिठ्ठी यंत्रणा घेतच नाही."

"तुम्ही सांगा. मी लिहून घेते आणि वाचून दाखवते."

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं, वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा वाचलं. जुनी सवय. ऐकलेला आकडा दोनदा तोंडातून गेल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही.

राहिली प्रथमेशनं नेलेली नवी कुपी. ती कुलूपबंद, आणि सील फोडलं की त्याच क्षणी खबर जाते. विनापरवाना मुलांच्या औषधाची कुपी उघडणाऱ्या दुकानदाराचा परवाना थांबतो. हा नियम औषध दुकानदारांच्या संघटनेच्या बैठकीत मीच वाचून दाखवला होता, आणि माना डोलावणाऱ्यांत पहिली मान माझीच होती. शेवटी मुलांच्या औषधात मन मानेल तसं करणारेही काही कमी नव्हते.

रविवारी सकाळी सातला मी दवाखान्यात पोचले. पिशवीत सिरिंज आणि नखपॉलिश. तीन वर्षांनी ती बाटली उघडायला गेले तर झाकण घट्ट बसलेलं. प्रथमेशनं दातांनी उघडलं. ऋतुजा म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काही होणार नाही ना?"

"होणार," मी म्हटलं. "सिरिंज धर."

सील फुटलं तेव्हा काडी मोडल्याएवढा आवाज झाला. मी कागद बघून रेघ ओढली, फुंकर मारून वाळवली, आणि ऋतुजाला दाखवली. तिनं मला आकडा वाचून दाखवला. दोनदा. मग तिनंच आर्वीला औषध पाजलं.

तीन दिवस मी घर, दुकान आणि दवाखाना अशा येरझाऱ्या घातल्या. दुकानाला तर सोमवारीच नोटीस लागली होती, परवाना स्थगित, गुरुवारी सुनावणी. तरी मी शटर उघडायचे, बसायचे आणि उठायचे. विकायला मनाई, बसायला नाही. मंगळवारी पहाटे आर्वीला एक फिट आली. लहान, मिनिटभराची. ऋतुजानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ती मला बोल लावेल. ती म्हणाली, "मी तिला कुशीवर वळवलं, वेळ बघितला, तुम्ही सांगितलं होतं तसं. ती उठून पाणी मागते आहे." एवढंच. फोन ठेवल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले.

बुधवारी, एक दिवस उशिरानं, पडताळणी पूर्ण झाली. डब्यानं नवं वजन मान्य केलं आणि 'सहकार्याबद्दल धन्यवाद' म्हणाला.

त्याच दुपारी चौगुले मंडळी दुकानात आली. पुढं आक्का, हातात कापडी पिशवी. तिनं पिशवीतून गुळाच्या तीन ढेपा काढल्या आणि काउंटरवर एकापुढे एक ठेवल्या.

"यात्रेतला गूळ वाटला," ती म्हणाली. "ह्या तीन राहिल्या हुत्या. घरात ठेवायच्या नसत्यात, आन् कुणाला द्यायच्या ते सुचंना. महिना झाला फडताळात पडून हाईत. काल सुचलं. आमची पोरगी अकराची. ह्या तीन जास्तीच्या हुत्या."

मला मधुमेह आहे, हे आक्काला माहीत आहे. तरी मी तिन्ही ढेपा घेतल्या आणि डोक्याला लावल्या.

आर्वी ऋतुजाच्या हातातून सुटून सरळ पावलांनी माझ्याकडे आली. ढेपेकडे बोट केलं. मी म्हटलं, "नाही बाई, सगळी नाही. तुकडा देते." तिला तुकडा नको होता, ढेप हवी होती. मी नाही म्हटलं. तिनं तोंड उघडलं आणि अशी किंचाळली की समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला. पाय आपटले, जमिनीवर बसली, हत्ती माझ्या अंगावर फेकला.

ऋतुजा तोंडावर हात धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. आक्का म्हणाली, "रडू द्या. घसा मोकळा हुंदे."

दारात एक बाई केव्हाची उभी होती. कडेवर सहा महिन्यांचं बाळ, हातात मात्रिकचा कागद. "मॅडम, दुकान बंद आहे म्हणे," ती म्हणाली. "मला काही घ्यायचं नाही. डबा बाळाचं वजन विचारतोय."

"आधीचं कशावर मोजलं होतं?" मी विचारलं. उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातला नवा काटा पायानं पुढं ओढला, चपला काढल्या आणि बाळासाठी हात पुढे केले.